आठवी पास क्लेसी कमिन्स: मालकाच्या गॅरेजमधून ट्रकच्या बॉनेटखाली

पुण्यात कमिन्स म्हटलं की बहुतेकांना आधी कॉलेज आठवतं. कर्वेनगरचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज, जिथे ॲडमिशन मिळावी म्हणून बारावीच्या मुली रात्री जागतात. ज्यांच्या घरी ट्रक आहे, जनरेटरचं काम आहे किंवा गॅरेज आहे, त्यांना कमिन्स म्हणजे इंजिन हे माहीत असतं. पण हे एका माणसाचं आडनाव आहे हे फार थोड्यांना माहीत आहे. आणि गंमत बघा, ज्याच्या नावाने आज इंजिनिअरिंग कॉलेज चालतं, तो स्वतः आठवीच्या पुढे शाळेत गेलाच नव्हता.

त्याचं नाव क्लेसी लाईल कमिन्स. आज आपण त्याची गोष्ट बघणार आहोत. सोबत डिझेल इंजिन कसं चालतं, जुनं इंजिन पुन्हा बांधता का येतं आणि घाट उतरताना ट्रक कशाच्या जोरावर थांबतो, हेही समजून घेऊ.

शेतावरचा मुलगा

क्लेसीचा जन्म २७ डिसेंबर १८८८ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. घर शेतकऱ्याचं. त्याला लहानपणापासून यंत्रांचं वेड. शाळकरी वयातच त्याने घरच्या घरी भाग ओतून एक छोटं वाफेचं इंजिन बनवलं, आणि ते चाललंही. शाळा आठवीला सुटली. त्यानंतर मिळेल तिथे मशीनवर काम करत तो शिकत गेला.

१९०८ च्या सुमारास कोलंबस नावाच्या गावात त्याला ड्रायव्हरची नोकरी लागली. हे कोलंबस इंडियानातलं छोटं गाव. मालक होते विल्यम अर्विन, गावातले बँकर. त्या काळी मोटार रोज काहीतरी दुखणं काढायची, त्यामुळे ड्रायव्हर म्हणजे अर्धा मेकॅनिक. क्लेसी तर पूर्ण मेकॅनिक होता. १९११ मध्ये इंडियानापोलिसची पहिली ५०० मैलांची रेस झाली, तेव्हा जिंकलेल्या रे हॅरूनच्या गाडीच्या टीममध्येही तो काम करत होता.

अर्विन यांनी या पोराची चुणूक ओळखली. आपल्या गॅरेजमध्येच त्याला मशीन शॉप टाकून दिलं. दिवसा मालकाची गाडी चालवायची, उरलेल्या वेळात लेथवर काम. घरच्या गॅरेजमध्ये इंजिन खोलून बसणारे लोक तुम्ही पाहिले असतील. त्यांच्यातल्या एकाला पाठीशी उभा राहणारा बँकर मिळाला, तर काय होऊ शकतं ते पुढे दिसेल.

आधी डिझेल समजून घेऊ

सायकलला हवा भरायचा पंप घ्या. पुढचं भोक बोटाने बंद करा आणि दांडा जोरात दाबा. दोन गोष्टी होतील. पंपाचं नळकांडं गरम होईल, आणि सोडल्यावर दांडा स्प्रिंगसारखा मागे येईल. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा, कारण क्लेसीचं अख्खं आयुष्य त्यांच्याभोवती फिरलं.

डिझेल इंजिनात पहिली गोष्ट वापरतात. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेटतं. स्पार्क प्लग लागत नाही. सगळी कसोटी त्या फवाऱ्याची. डिझेल किती, कधी आणि किती बारीक उडतं यावर इंजिन ताकद देणार की नुसता काळा धूर ओकणार हे ठरतं.

१९१९ साली अर्विन यांच्या पैशावर कमिन्स इंजिन कंपनी सुरू झाली. सुरुवात केली ती ह्विड नावाच्या पद्धतीच्या छोट्या इंजिनांचा परवाना घेऊन. ही इंजिनं शेतीच्या कामाची. ती विकायला सिअर्स ही मोठी कंपनी तयार झाली. सिअर्सचा व्यवसाय कॅटलॉगवर चालायचा. घरी बसून चित्र बघायचं, ऑर्डर द्यायची, माल पोस्टाने यायचा. आवडला नाही तर परत करा, पैसे घ्या.

ऑनलाइन शॉपिंग करणाऱ्या आपल्याला पुढचं सांगायची गरज नाही. त्या इंजिनांत दोषही होते, पण काही शेतकऱ्यांनी हंगामभर इंजिन वापरलं आणि काम संपल्यावर परत पाठवून दिलं. कंपनी बुडायच्या बेताला आली. अर्विन यांनी पुन्हा पैसे घातले. पुढची दहा वर्षं हेच चाललं. क्लेसी फवारा सुधारत राहिला, नवी इंजिनं काढत राहिला, आणि नफ्याचं मात्र नाव नव्हतं.

जुनी गाडी, नवं काळीज

१९२९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. ऑर्डरी आटल्या. कंपनी बंद करायची वेळ आली. तोवर डिझेल म्हणजे बोट, कारखाना किंवा मोठं खोदकामाचं यंत्र एवढंच समीकरण होतं. अवजड, थरथरणारं आणि धुराचं इंजिन. ते रस्त्यावरच्या गाडीत कोण घालणार?

क्लेसीने तेच केलं. एक सेकंडहँड पॅकार्ड लिमोझिन आणली, तिचं पेट्रोल इंजिन उतरवलं आणि तिथे आपलं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवलं. ते बॉनेटखाली जेमतेम मावलं. १९२९ च्या नाताळच्या दिवशी त्याने अर्विन यांना या गाडीत बसवून चक्कर मारली. वर्षानुवर्षं पैसे ओतून थकलेल्या त्या म्हाताऱ्या बँकरने ती चक्कर मारून पुन्हा एकदा पैसे द्यायचं ठरवलं.

दोनच आठवड्यांत, जानेवारी १९३० मध्ये, क्लेसी तीच गाडी घेऊन इंडियानातून न्यूयॉर्कला मोटार प्रदर्शनाच्या वेळी पोहोचला. अंतर सुमारे ८०० मैल, म्हणजे जवळपास १,२८० किलोमीटर. डिझेलचा खर्च आला १ डॉलर ३८ सेंट. वर्तमानपत्रांना बातमी मिळाली.

मग त्याने एकामागून एक प्रयोग लावले. १९३१ मध्ये डिझेलवर चालणारी गाडी इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या रेसमध्ये उतरवली. ड्रायव्हर होता डेव्ह इव्हान्स. गाडी तेरावी आली. ऐकायला साधं वाटतं, पण ही गाडी पूर्ण रेसमध्ये एकदाही थांबली नाही. इतरांना पेट्रोल भरायला थांबावं लागत होतं, ही मात्र ताशी सरासरी ८६ मैलांच्या वेगाने चालतच राहिली. न थांबता ही रेस पूर्ण करणारी ती पहिली गाडी.

ट्रकमालकांना यातून हवा तो निरोप मिळाला. यांचं इंजिन टिकतं आणि कमी पितं.

कहोन घाट

त्याच वर्षी क्लेसी दोन सोबत्यांना घेऊन डिझेल ट्रकमधून न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाला. ३,२०० मैलांहून लांबचा प्रवास, म्हणजे ५,००० किलोमीटरच्या वर. इंधनाचा खर्च ११ डॉलरच्या आसपास. प्रवास जवळजवळ संपला होता. शेवटी कॅलिफोर्नियातला कहोन घाट उतरायचा होता.

उतारावर ट्रकने वेग घेतला. ब्रेक दाबून दाबून तापले आणि धरेनासे झाले. समोर घाटाच्या पायथ्याशी रेल्वेचं फाटक, आणि त्यावरून मालगाडी चाललेली. ट्रक थांबणार नव्हता. मालगाडीचा शेवटचा डबा रुळांवरून सरकला आणि त्याच्या अगदी मागून ट्रक पलीकडे गेला. काही क्षणांचा फरक. तिघंही वाचले.

यात एक विचित्र गोष्ट होती. ज्या इंजिनाच्या जोरावर क्लेसी जग जिंकायला निघाला होता, त्याच इंजिनाने त्याला उतारावर दगा दिला होता. पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर सोडला की हवेची वाट जवळजवळ बंद होते. इंजिन हवा ओढायला धडपडतं आणि गाडी मागे खेचली जाते. डिझेल इंजिनात हवेची वाट उघडीच असते. पिस्टन हवा दाबतो तेव्हा चाकांची ताकद खर्च होते खरी, पण सायकलच्या पंपातली दुसरी गोष्ट आठवा. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी पिस्टनला परत ढकलते आणि घेतलेली ताकद जवळपास सगळी चाकांना परत करते. म्हणून उतारावर डिझेल इंजिनाची अडवणूक कमी पडते.

क्लेसीला याचं उत्तर लगेच सापडलं नाही. पण ते फाटक तो विसरलाही नाही.

हेडवरचा तिसरा रॉकर

कंपनी पुढे सावरली. १९३७ मध्ये, म्हणजे सुरू झाल्यावर १८ वर्षांनी, पहिल्यांदा नफा झाला. दुसऱ्या महायुद्धात ट्रकच्या इंजिनांना मागणी वाढली. क्लेसी हळूहळू कारभारातून बाजूला झाला आणि कॅलिफोर्नियात सौसालिटोला राहायला गेला. वय साठीच्या पुढे. घरी वर्कशॉप होतंच.

आता जरा इंजिन उघडून बघू. ट्रकचं जुनं डिझेल इंजिन बांधायला घेतलं की मेकॅनिक आधी हेड उतरवतो. खाली लायनर दिसतात. लायनर म्हणजे पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो ते अस्तर. ते झिजलं तर अख्खा ब्लॉक फेकावा लागत नाही. लायनर, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग बदलायचे, क्रँक मापून घ्यायचा, गरज पडली तर ग्राइंड करायचा, हेडच्या व्हॉल्व्हचं काम करायचं, इंजेक्टर तपासून घ्यायचे. इंजिन पुन्हा काही लाख किलोमीटरला तयार. ट्रकची इंजिनं बनवतानाच हा विचार केलेला असतो, म्हणून ती दोन-तीनदा बांधता येतात.

कमिन्सच्या जुन्या ट्रक इंजिनाच्या हेडवर प्रत्येक सिलिंडरला तीन रॉकर दिसतात. एक हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हसाठी, एक धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हसाठी. तिसरा इंजेक्टर दाबण्यासाठी. डिझेल पंपातून कमी दाबाने यायचं आणि जोराचा दाब इंजेक्टरमध्येच तयार व्हायचा, अशी ती रचना.

क्लेसीला हवं होतं ते असं: पिस्टन हवा पूर्ण दाबून वर पोहोचत आला की नेमक्या त्या क्षणी धुराचा व्हॉल्व्ह उघडायचा. दाबलेली हवा बाहेर निघून गेली की स्प्रिंग उरत नाही. चाकांनी दिलेली ताकद सायलेन्सरमधून बाहेर. पण प्रत्येक सिलिंडरला बरोबर त्या क्षणी व्हॉल्व्ह उघडणार कोण? वेगळा कॅम घातला तर अख्खं इंजिन नव्याने बनवावं लागेल.

उत्तर इतकी वर्षं हेडवरच बसलेलं होतं. इंजेक्टरचा रॉकर नेमका त्याच क्षणी खाली दाबला जातो, कारण डिझेलचा फवाराही पिस्टन वर आल्यावरच हवा असतो. उतारावर तर डिझेल बंदच असतं. म्हणजे त्या रॉकरची हालचाल रिकामी जाते. ती तेलाच्या दाबाने धुराच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचवली की काम झालं. हेडवर एक पेटी बसवायची, केबिनमध्ये एक स्विच द्यायचा. जुन्या चालू इंजिनावरही हे बसवता येणार होतं.

क्लेसीने ते बनवलं आणि रस्त्यावर चालवून बघितलं. हे बनवायला जी कंपनी पुढे आली ती इंजिनवाली नव्हती. ड्रिल मशीनचे चक बनवणारी जेकब्स कंपनी ती. १९६१ पासून हा ब्रेक बाजारात आला आणि जेक ब्रेक म्हणून ओळखला जाऊ लागला. अमेरिकेत ट्रक उतारावर जो तडतड आवाज करतात तो याचाच, दाबलेली हवा एकदम सुटल्याचा. काही गावांनी तर आवाजामुळे त्यावर बंदीचे फलक लावलेत. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने या ब्रेकची ऐतिहासिक शोध म्हणून नोंद केली.

पुण्यापर्यंत

१९६२ मध्ये किर्लोस्करांशी भागीदारी करून कमिन्स पुण्यात आली आणि कोथरूडला कारखाना उभा राहिला. क्लेसी तेव्हा हयात होता. १९६८ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी तो गेला. कर्वेनगरचं कॉलेज त्याच्यानंतर खूप उशिरा, १९९१ मध्ये सुरू झालं.

आता एक कामाची गोष्ट. घाट उतरताना डिझेल वाचेल म्हणून गाडी न्यूट्रल करणारे आपल्याकडे आजही भेटतात. आधुनिक गाडीत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की डिझेलचा पुरवठा तसाही बंद होतो, म्हणजे वाचत काहीच नाही. उलट इंजिनाची जी काही अडवणूक असते तीही जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तापलेले ब्रेक काय करतात हे क्लेसीने कहोन घाटात बघितलं होतं. तेव्हा ज्या गिअरमध्ये घाट चढता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. घरात कोणी ट्रक चालवत असेल तर हा लेख त्यांनाही वाचून दाखवा.