नायगावची लेक आणि पुण्याचा भिडेवाडा

खंडाळा : पुण्याच्या बुधवार पेठेतला भिडेवाडा ४ डिसेंबर २०२३ च्या रात्री पाडला गेला. दगडूशेठ गणपतीच्या समोरची ही जागा. आपल्याकडून पुण्याला दर्शनाला जाणारे या वाड्यासमोरूनच जायचे, पण वर मान करून बघणारे थोडे. खाली दुकानांची रांग, वर मोडकळीला आलेलं लाकूडकाम. याच वाड्यात १८४८ साली खंडाळा तालुक्यातली एक सतरा वर्षांची सासुरवाशीण मुलींना अक्षरं गिरवायला लावत होती. तिचं नाव सावित्रीबाई जोतिराव फुले.

शिरवळजवळच्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. घर पाटलाचं, खाऊनपिऊन सुखी. पण त्या काळी पाटलाच्या घरातही पोरीला पाटी मिळत नव्हती. १८४० साली नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा तेरा वर्षांचा. फुले मंडळींचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. म्हणजे सासर-माहेर दोन्हीची मुळं साताऱ्याचीच. पुण्याने या दोघांचा मोठा गाजावाजा केला, तो योग्यच. पण ही नाती आपल्या तालुक्यांची आहेत हे आपल्याच पोरांना फारसं ठाऊक नसतं.

जोतिरावांची आई ते तान्हे असतानाच वारली होती. त्यांना वाढवलं मावसबहीण सगुणाबाईंनी. पुढे जोतिरावांनी आपल्या बायकोला आणि सगुणाबाईंना शेतावर लिहायला-वाचायला शिकवलं. नंतर सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं रीतसर शिक्षणही घेतलं. शेतात काम करता करता शिकलेली बाई शहरात जाऊन मास्तरीण झाली, ही गोष्ट आज साधी वाटते. तेव्हा ती घर मोडणारी होती.

भिडेवाड्याची जागा तात्यासाहेब भिडे यांनी दिली. सुरुवातीला पटावर सहाच मुली होत्या. देशी माणसांनी पुण्यात काढलेली ही मुलींची पहिली शाळा. शाळेत जाता-येता सावित्रीबाईंवर शेण, चिखल आणि खडे पडायचे. त्या पिशवीत दुसरं लुगडं घेऊन निघायच्या, शाळेत पोचल्यावर घाणीने भरलेलं बदलायचं आणि शिकवायला बसायचं. लोकांचा दाब इतका वाढला की सासरे गोविंदराव यांनी १८४९ साली मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं. तेव्हा उस्मान शेख यांच्या घरात त्यांना आसरा मिळाला. त्याच घरातल्या फातिमा शेख पुढे सावित्रीबाईंच्या बरोबरीने शिकवायला लागल्या. मधल्या अडचणीत शाळा बंद पडली, पण काम थांबलं नाही. १८५१ च्या जुलैत चिपळूणकर वाड्यात मुलींची शाळा निघाली, मग रास्ता पेठेत, मग वेताळ पेठेत. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात सरकारने जोतिरावांचा जाहीर सत्कार केला.

या कामाची किंमत माहेरीही मोजावी लागली. १८५६ साली आजारपणामुळे सावित्रीबाई नायगावला आल्या होत्या. तिथून त्यांनी जोतिरावांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. भावाचं म्हणणं असं की महार-मांगांना शिकवून तुम्ही कुळाला बट्टा लावता, जातीच्या चालीने वागा. सावित्रीबाईंनी त्याला तोंडावर उत्तर दिलं. आई सगळं ऐकत होती आणि शेवटी तिने लेकीची बाजू घेतली. पुण्यात एकटी पडलेली फातिमा कसं निभावत असेल याची काळजीही त्या पत्रात आहे. दुसरं पत्र १८६८ चं, तेही नायगावचं. गावोगाव पोथी सांगणारा एक ब्राह्मण तरुण आणि गावातली एक महार मुलगी यांचं जमलं. गाव दोघांना मारत मारत गल्लीतून फिरवत होतं, जीवच घेणार होतं. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारची भीती घातली आणि दोघांना सोडवून जोतिरावांकडे पाठवून दिलं. ज्या गावात आज तीन जानेवारीला फुलं उधळली जातात, त्याच गावच्या गल्लीतली ही घटना आहे. ती लपवण्यात काही अर्थ नाही.

भिडेवाड्याचं पुढे काय झालं? मालकी खासगी होती, खाली पोटापाण्याची दुकानं होती, वरचा भाग वापराविना पडत चालला. जागा भर बाजारपेठेतली, म्हणजे सोन्याच्या भावाची. तिथे नवी व्यापारी इमारत उभी करायचा बेत पुढे आला तेव्हा फुलेप्रेमी मंडळींनी विरोध केला. सभा, निवेदनं, वाड्यासमोर आंदोलनं असं वर्षानुवर्षं चाललं. २००६ च्या सुमारास महापालिकेने राष्ट्रीय स्मारकासाठी जागा ताब्यात घ्यायचं ठरवलं. भाडेकरू आणि जागेत हितसंबंध असलेले कोर्टात गेले. दुकानदारांची बाजूही अगदी खोटी नव्हती, पिढीजात धंदा उठवून कोण सुखाने जाईल? पण खटला एका तपाहून जास्त चालला आणि तोवर पावसाने वाडा खाल्ला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबरमध्ये ताबा आणि त्याच रात्री पाडकाम. सप्टेंबर २०२४ मध्ये स्मारकाचं भूमिपूजन झालं.

व्यापारी संकुल टळलं, ही लढ्याची जीत. पण ज्या भिंतींसाठी लढा दिला त्या भिंती राहिल्या नाहीत. स्मारक देखणं होईल यात शंका नाही. तरी वेळीच, म्हणजे तीस-चाळीस वर्षांपूर्वी डागडुजी झाली असती तर मुलींना खरी शाळा दाखवता आली असती. याउलट नायगावातलं नेवसे पाटलांचं घर दुरुस्त करून जपलं गेलं आहे. तिथे उंबऱ्याशी वाकून आत जावं लागतं, आणि सहलीला आलेली पोरं आधी तिथेच शांत होतात. पुण्यात गंज पेठेतला फुलेवाडाही जपला आहे.

त्या गंज पेठेतल्या घराची कथा वेगळीच. १८६३ साली फुले दांपत्याने तिथे बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसलेल्या विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल न्यायचं तर न्यावं नाहीतर ठेवून जावं, अशा जाहिराती भिंतींवर लावल्या. १८८४ पर्यंत पस्तीस विधवा येऊन गेल्या होत्या. बाळंतपणं सावित्रीबाई जातीने बघायच्या. त्यांना स्वतःला मूल नव्हतं. १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच यशवंत, पुढे डॉक्टर झाला. १८६८ मध्ये त्यांच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला झाला. १८७६-७७ च्या दुष्काळात त्या जुन्नर भागात फिरल्या, ओतूरहून तिथली परिस्थिती पत्रातून कळवली.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले. टिटवं कोणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद घातला. सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवं स्वतः धरून अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नीही त्यांनीच दिला. आजही किती गावांत हे चालवून घेतील ते सांगता येत नाही. १८९३ मध्ये सासवडला सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगने माणसं पटापट मरत होती. यशवंतने हडपसरजवळ सासरच्या ससाण्यांच्या माळावर दवाखाना थाटला. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचं कळताच सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई तिकडे गेल्या आणि पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. ते पोर वाचलं.