एव्हान्स यांचे उंदीर आणि ‘ई’ जीवनसत्त्व

हर्बर्ट एव्हान्स यांचा जन्म १८८२चा, कॅलिफोर्नियातील मोडेस्टोचा. जॉन्स हॉपकिन्समध्ये ते डॉक्टर झाले, पण रमले बर्कलेच्या प्रयोगशाळेत, उंदरांच्या पिंजऱ्यांपाशी. तिथे १९२२मध्ये कॅथरीन बिशप यांच्यासोबत त्यांना दिसले की, ठरावीक आहारावर मादी गाभण राहते, पण गर्भ पोटातच विरघळून जातो. लेट्यूसची पाने किंवा गव्हाचा बीजांकुर दिला की पुढच्या खेपेस पिल्ले सुखरूप जन्मतात. नराचे दुखणे मात्र हट्टी निघाले. वृषणातील शुक्राणू तयार करणारा थर एकदा पुरता झिजला की नंतर कितीही बीजांकुर चारा, तो भरून येत नाही.

१९३६मध्ये एव्हान्स आणि सहकाऱ्यांनी बीजांकुराच्या तेलातून हे द्रव्य शुद्ध वेगळे केले. ग्रीक भाषेच्या प्राध्यापकाने नाव सुचवले टोकोफेरॉल, म्हणजे अपत्यजन्म घडवणारे. नाव मोठे देखणे, पण फसवे. त्याचे काम पेशींच्या पटलातील स्निग्धांश ऑक्सिडीकरणापासून वाचवण्याचे, आणि शुक्राणूच्या पटलात असा स्निग्धांश भरपूर. एव्हान्स १९७१मध्ये वारले. त्यांचे उंदीर या जीवनसत्त्वाला मुद्दाम पारखे केलेले होते. रोजच्या जेवणातून ते मिळणाऱ्या पुरुषाला वरच्या गोळीने मूल होईल, असे त्या पिंजऱ्यांत कधी सिद्ध झाले नव्हते.