पुरोहिताचे जोखड बदलून काय उपयोग?

एप्रिल महिना हा आपल्या चळवळीचा महिना. ११ तारखेला जोतीरावांची जयंती, १४ तारखेला बाबासाहेबांची जयंती. गावोगाव, वस्तीवस्तीत निळे झेंडे लागतात, व्याख्याने होतात, मिरवणुका निघतात. याच महिन्यात आणखी एका व्यक्तीचा जन्म आणि मृत्यू झाला, पण तिची आठवण ना चळवळ काढते, ना तिच्या जातीचे लोक काढतात. ती व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. जन्म २३ एप्रिल १८५८, मृत्यू ५ एप्रिल १९२२. तिच्या जातीने तिला धर्म बुडविणारी ठरविले आणि आपण ब्राह्मणाची मुलगी म्हणून बाजूला ठेवले. आम्हाला वाटते, आपण तरी हा हिशेब पुन्हा तपासला पाहिजे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण. त्यांनी बायकोला संस्कृत शिकविले, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यापायी स्वजातीयांचा विरोध सोसावा लागला. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थक्षेत्रांतून भटकत राहिले. व्रते झाली, दानधर्म झाला, होते नव्हते ते देवाच्या दारी गेले. दुष्काळात उपासमारीने आई, वडील आणि मोठी बहीण गेली तेव्हा एकही देव मदतीला आला नाही. भावासोबत पायपीट करीत ही तरुण मुलगी १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी तिची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

पदवी मिळाली म्हणून ती गप्प बसली नाही. धर्मशास्त्रे मुळातून वाचल्यावर तिला दिसले की, शास्त्रकारांचे आपसात एकमत कुठेच नाही, मात्र स्त्री आणि शूद्र हीन आहेत यावर सगळ्यांचे एकमत आहे. १८८० साली तिने बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. ब्राह्मण समाज ज्यांना शूद्र मानीत असे, अशा जातीतले ते होते. दोनच वर्षांत ते पटकीने गेले. मांडीवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी घेऊन विधवा रमाबाई १८८२ साली पुण्यात आली. आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगासमोर स्त्रीशिक्षणासाठी साक्ष दिली आणि १८८३ साली इंग्लंडला गेली. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

एवढी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. खरी गोष्ट पुढेच आहे.

ज्या अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला, त्याच चर्चला रमाबाईंनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. तिची धर्ममाता सिस्टर जेराल्डिन हिच्याशी झालेला पत्रव्यवहार आज उपलब्ध आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत नव्या करारात कुठे सांगितला आहे, असे तिने विचारले. येशूच्या अलौकिक जन्माबद्दल शंका काढल्या. चर्चने शतकानुशतके ठरविलेला मतांगीकार आणि येशूची स्वतःची शिकवण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा तिचा मुद्दा होता. हे प्रश्न तिने नास्तिक म्हणून विचारले नव्हते. येशूवर श्रद्धा ठेवून, शुभवर्तमान हातात धरून विचारले होते. म्हणून तर ते चर्चला अधिक बोचले.

तिला सांगण्यात आले की हा गर्व आहे. नव्या माणसाने आधी आज्ञा पाळायला शिकावे. त्यावर रमाबाईंनी दिलेले उत्तर आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने मनात कोरून ठेवावे असे आहे. तिचे म्हणणे असे की, आपण मोठ्या कष्टाने भारतातल्या पुरोहितांचे जोखड मानेवरून उतरविले आहे. आता तसलेच दुसरे जोखड मानेवर घेणार नाही. बाप्तिस्मा घेतला तो ख्रिस्ताच्या विश्वव्यापी मंडळीत येण्यासाठी, बिशपाच्या तोंडातून निघालेला प्रत्येक शब्द देववाणी मानण्यासाठी नव्हे.

चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना तिने पुरुषांना शिकवावे असा विषय निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकविले तर तिच्या देशात तिची प्रतिष्ठा जाईल म्हणे! माझ्या वडिलांनी आणि नवऱ्याने जे कधी अडविले नाही ते इंग्रज धर्मगुरू अडवितात, याचे तिने उघड आश्चर्य व्यक्त केले. क्रॉसवरच्या लॅटिन अक्षरांवरूनही वाद झाला. ब्राह्मण जसे संस्कृतला देवभाषा मानतात तसेच तुम्ही लॅटिनला मानता काय, असा तिचा सवाल होता. ब्राह्मणशाही ही कोणत्याही धर्मात शिरू शकते, हे तिने ओळखले होते.

इकडे पुण्यात तिच्या धर्मांतरावर सनातनी तुटून पडले असताना तिच्या बाजूने कोण उभे राहिले? महात्मा जोतीराव फुले. १८८५ साली 'सत्सार'च्या पहिल्या अंकात त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली. ब्राह्मणांचे ग्रंथ स्वतः वाचल्यामुळेच तिला त्यातला पक्षपात कळला, हे त्यांनी ठणकावून सांगितले. ज्यांना जोतीराव मान्य आहेत, त्यांना रमाबाई परकी कशी?

अर्थात तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तिचे १८८७ सालचे गाजलेले इंग्रजी पुस्तक उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयी आहे. १८८९ साली मुंबईत उघडलेले शारदा सदन प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी होते आणि तिथे त्यांच्या जातीचे सोवळे सांभाळले जाई. एवढे करूनही उपयोग झाला नाही. धर्मांतराचा आरोप करून 'केसरी'ने झोड उठविली आणि १८९३ साली रानडे-भांडारकरांसारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. सवर्णांना सांभाळून सवर्णांची सुधारणा होत नाही, हा धडा तिला अनुभवातून मिळाला.

१८९६-९७ च्या दुष्काळाने चित्र पालटले. मध्य प्रांतात जाऊन तिने उपाशी मरणाऱ्या शेकडो मुली आणल्या. केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. तिथे जातीची अट नव्हती. टाकलेल्या, फसविलेल्या, आंधळ्या, म्हाताऱ्या बायका आल्या. शेती, विणकाम, छपाई शिकून स्वतःच्या श्रमावर जगू लागल्या. पुढील काळात रमाबाईंची श्रद्धा अधिक भक्तिपर झाली, तरुणपणीच्या काही शंका मावळल्या. पण मुक्ती मिशन तिने कोणत्याही एका पंथाच्या दावणीला बांधले नाही.

शेवटचे मोठे काम बायबलच्या भाषांतराचे. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर होते, केडगावच्या अडाणी बाईला ते कळत नव्हते. शिवाय त्या शब्दांबरोबर जुन्या शास्त्रांच्या कल्पनाही येत होत्या. म्हणून उतारवयात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि मूळ भाषांतून सोप्या मराठीत भाषांतर केले. ज्या बाईला पंडितांनी सरस्वती म्हटले, तिने संस्कृत बाजूला ठेवून रोजच्या बोलीतले शब्द घेतले. खिळे जुळविणाऱ्या हातही मुक्तीतल्या बायकांचेच. १९२१ साली मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ते पुरे करूनच रमाबाईंनी डोळे मिटले. १९२४ साली ते संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले.

चर्चने तिचे प्रश्न ऐकले असते तर? धर्म बदलूनही दलित ख्रिस्ती बांधवांची जात चर्चच्या दारात उभीच राहिली, यावर बाबासाहेबांनी सविस्तर लिहून ठेवले आहे. १९८० च्या दशकात दलित ख्रिस्ती विचारवंतांनी आपले वेगळे धर्मशास्त्र मांडायला घेतले, ते याच वेदनेतून.

आणि आता आपल्याविषयी. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला घोषणा केली आणि १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे त्यांनी तपासण्यात घालविली. स्वीकारलेल्या धम्मालाही त्यांनी प्रश्न विचारले. सिद्धार्थाने गृहत्याग का केला याचे परंपरेने दिलेले कारण त्यांनी नाकारले. भिक्खू हा केवळ स्वतःचे निर्वाण साधणारा की समाजाचा सेवक, हेही विचारले. १९५७ साली प्रसिद्ध झालेला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्याचा पुरावा आहे.

मग आज आपल्यातला एखादा तरुण विहारात उभा राहून प्रश्न विचारतो तेव्हा त्याला फितूर का ठरविले जाते? लग्नाचा मुहूर्त मागच्या दाराने येतो, गंडेदोरे येतात, तेव्हा आपण गप्प का बसतो? धर्म बदलणे हे एका दिवसाचे काम आहे. मानेवर दुसरा पुरोहित बसू न देणे हे आयुष्यभराचे काम आहे. केडगावच्या त्या बाईने ते केले. बाबासाहेबांचे अनुयायी म्हणविणाऱ्या आपल्याला ते जड का जावे?