आकाशाची ओढ : जे. आर. डी. टाटा

बालवयात मनावर उमटलेला ठसा सहसा पुसला जात नाही. हे संस्कार आई-वडिलांकडून मिळतात, गुरुजनांकडून मिळतात. क्वचित एखादे दृश्यच मुलाचा गुरू होते आणि पुढील साऱ्या आयुष्याला दिशा देते. भारतीय नागरी विमान वाहतुकीचे जनक जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, अर्थात जे. आर. डी. टाटा यांच्या जीवनात नेमके हेच घडले.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. पिता रतनजी दादाभाई हे उद्योगमहर्षी जमशेटजी टाटांचे आप्त व सहकारी. माता सुझान या फ्रेंच. पाच भावंडांत जहांगीर दुसरे. वडिलांच्या व्यवसायामुळे कुटुंबाचे वास्तव्य कधी फ्रान्समध्ये, तर कधी मुंबईत असे. उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावरील आर्डेलो या गावी टाटा कुटुंबाचे एक घर होते. सुट्टीच्या दिवसांत मुले तेथे वाळूत खेळत. त्याच गावी लुई ब्लेरिओ यांचेही घर होते. २५ जुलै १९०९ रोजी विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारे पहिले वैमानिक ते हेच. त्या वेळी जहांगीर अवघे पाच वर्षांचे होत होते.

साऱ्या जगाने ज्यांचे नाव वृत्तपत्रांत वाचले, ते ब्लेरिओ या मुलांचे शेजारी होते. त्यांचे विमान कधी कधी किनाऱ्यावरील वाळूत उतरे आणि मुले त्याकडे धाव घेत. अडोल्फ पेगू हे धाडसी वैमानिकही तेथे विमान घेऊन येत. लाकूड, कापड आणि तारा यांनी बांधलेले ते नाजूक यंत्र पाहताना त्या बालमनात आकाशाचे वेड रुजले. वयाच्या पंधराव्या वर्षी, आर्डेलो येथेच, त्यांना प्रवासी म्हणून विमानात बसण्याची प्रथम संधी मिळाली. ती फेरी अल्पकाळाची होती, तथापि आपण वैमानिक व्हायचे, हा निश्चय त्याच दिवशी झाला.

निश्चय पूर्ण होण्यास मात्र सुमारे नऊ वर्षे लागली. १९२३ साली मातेचे छत्र हरपले. पुढे फ्रेंच सैन्यात सेवा घडली. केंब्रिजला जाऊन शिकण्याची इच्छा बाजूला ठेवून वडिलांच्या आज्ञेने ते मुंबईस आले आणि १९२६ साली वडीलही निवर्तले. ऐन बाविशीत कुटुंबाचा भार शिरावर आला. अशा प्रसंगी बालपणीचे स्वप्न विसरून जाणे सहज शक्य होते. जे. आर. डीं.नी ते विसरले नाही. मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू होताच त्यांनी तेथे शिक्षण घेतले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना, क्रमांक एकचा, त्यांच्या हाती आला.

पुढील वर्षी इंग्लंड व भारत यांमधील अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या भारतीयासाठी आगाखान यांनी पारितोषिक ठेवले होते. जे. आर. डी. कराचीहून निघाले, अस्पी इंजिनियर हा किशोरवयीन वैमानिक लंडनहून येत होता. इजिप्तमधील अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. स्पार्क प्लग नसल्याने अस्पी तेथे अडकून पडला होता. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले. अस्पी पुढे निघाला आणि काही तासांच्या फरकाने पारितोषिक त्यानेच जिंकले. स्वतःच्या हातून यश निसटेल हे दिसत असताही प्रतिस्पर्ध्याला दिलेला तो हात त्यांच्या मनाची थोरवी सांगतो. हेच अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टपालाच्या थैल्या घेऊन, एका इंजिनाच्या छोट्या पस मॉथ विमानातून कराचीहून निघाले. वाटेत अहमदाबादेस इंधनाचे डबे बैलगाडीतून आणले गेले. दुपारी विमान जुहूच्या मैदानात उतरले आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. याच सेवेतून पुढे एअर इंडिया उभी राहिली आणि ८ जून १९४८ रोजी तिचे विमान मुंबईहून लंडनकडे झेपावले.

१९५३ साली सरकारने या कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले. हाताने वाढविलेली संस्था गेल्याचे दुःख त्यांना झाले, परंतु त्यांनी पाठ फिरविली नाही. विनावेतन अध्यक्ष राहून विमानातील स्वच्छतेपासून वक्तशीरपणापर्यंत प्रत्येक गोष्टीत ते जातीने लक्ष घालीत राहिले. फेब्रुवारी १९७८ मध्ये त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले. हा आघातही त्यांनी संयमाने सोसला.

पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षे झाली, तेव्हा १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी कराची ते मुंबई हा प्रवास जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा एकट्याने केला. तरुण पिढीत आरंभकाळची उमेद जागावी, हा त्यामागील हेतू होता. १९९२ साली त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान लाभला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांची प्राणज्योत मालवली. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली. ते पाहण्यास जे. आर. डी. नव्हते.

मुलांच्या कुतूहलाकडे आपण अनेकदा पोरकटपणा म्हणून पाहतो. आर्डेलोच्या वाळूत विमानामागे धावणाऱ्या त्या मुलाचे चरित्र प्रत्येक पालकाने म्हणूनच आवर्जून वाचावे.