विश्लेषण : चित्रकार व्हायला निघालेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यंत्रे शिकले कुठे?

जव्हार-मोखाड्यात पाऊस धो-धो पडतो आणि उतारावरून तितक्याच वेगाने वाहून जातो. दिवाळीनंतर मोगरा किंवा भाजीपाला जगवायचा, तर ओढ्याचे किंवा विहिरीचे पाणी वर चढवावे लागते. वीज पोहोचत नाही त्या शेतात हे काम डिझेल इंजिनवर होते. ते धूर ओकू लागले, हँडल मारूनही उठेना, की मालकापुढे दोन मार्ग उरतात. इंजिन गाडीत टाकून शहरात न्यायचे किंवा पाने घेऊन अंगणातच खोलायला बसायचे.

दुसरा मार्ग निवडणाऱ्याला पहिल्यांदा भीती वाटतेच. खोलता येईल, पण पुन्हा जोडता येईल का? पुस्तक, शिक्षक, सुटे भाग यातले काहीच सहज मिळत नव्हते, त्या काळात याच प्रश्नाला भिडलेल्या माणसाचे नाव आजही अनेक पंपांवर आणि इंजिनांवर दिसते. ते म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. इंजिनीअरिंगची पदवी नसलेला हा माणूस यंत्रांकडे वळला कसा?

सुरुवात चित्रकलेने का झाली?

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे लक्ष मात्र चित्रांत आणि यंत्रांत. वडिलांचा विरोध असताना थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि 1885 मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोनेक वर्षांनी एक गोष्ट लक्षात आली. त्यांना काही रंगांतला फरक कळत नव्हता. रंगांधळेपणावर उपाय नव्हता आणि रंगच ओळखता येत नसतील, तर चित्रकार होणेही शक्य नव्हते. घरच्यांचा विरोध पत्करून निवडलेली वाट विशीच्या आतच बंद झाली.

रेषा मात्र पक्की होती. ते यांत्रिक रेखांकनाकडे, म्हणजेच मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले. तिथे रंगाला महत्त्व नाही, मापाला आहे. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (आजचे व्हीजेटीआय) ते हाच विषय शिकवू लागले. फावल्या वेळात कारखान्यात जाऊन हाताने काम करायचे. कागदावर काढलेला भाग प्रत्यक्षात कसा कापला, घासला आणि बसवला जातो, हे त्यांना तिथे कळले.

रेखांकन येण्याचा इंजिनशी संबंध काय?

पहिल्यांदा इंजिन खोलणाऱ्याची सर्वांत मोठी चूक घाईची असते. बोल्ट सुटत जातात, भाग एका घमेल्यात जमा होतात आणि जोडताना कोणता कुठला हे आठवत नाही. कनेक्टिंग रॉडची टोपी उलटी बसली किंवा दुसऱ्या रॉडला लागली, तर बेअरिंग जळते. व्हॉल्व आपापल्या जागी गेले नाहीत, तर कॉम्प्रेशन गळते.

आज प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढता येतो. लक्ष्मणरावांच्या काळात ते काम कागद आणि पेन्सिल करत. यंत्राचा छेद डोळ्यांपुढे आणता येणारा माणूस आतला भाग न पाहताही त्याची जागा सांगू शकतो. चित्रकला सुटली, तरी हात आणि डोळ्यांचे वळण असे कामी आले.

सायकलचे दुकान कशासाठी?

मुंबईत लक्ष्मणरावांनी एकाला सायकल चालवताना पाहिले. तेव्हा ही वस्तू भारतात नवी होती. 1888 मध्ये दोघा भावांनी बेळगावात ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ नावाने सायकलींचे दुकान थाटले. मुंबईतून सायकली यायच्या, बेळगावात 700 ते 1000 रुपयांना विकल्या जायच्या आणि चालवायला शिकवण्याचे 15 रुपये वेगळे घेतले जायचे.

दरम्यान नोकरीत ठेच लागली. बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. आता मागे पगार नव्हता.

दोन अश्वशक्तीचे इंजिन किती मोठे?

साठवलेल्या पैशांतून लक्ष्मणरावांनी एक छोटा लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि दोन अश्वशक्तीचे ऑइल इंजिन घेतले. जागा भाड्याची. अभ्यासाला अमेरिकेतून येणारी तांत्रिक मासिके.

एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे 746 वॅट. म्हणजे सगळ्या वर्कशॉपची ताकद जेमतेम दीड हजार वॅट, घरातल्या एखाद्या वॉटर हीटरएवढी. त्या काळी प्रत्येक यंत्राला वेगळी मोटार नसे. इंजिन एक लांब दांडा फिरवी आणि त्यावरच्या कप्प्यांवरून चामडी पट्टे यंत्रांपर्यंत उतरत. त्यामुळे इंजिन बंद पडले की लेथ थांबला, ड्रिल थांबले आणि त्या दिवसाची कमाईही थांबली. अशा वर्कशॉपच्या मालकाला इंजिन दुरुस्त करता येणे ही हौस नव्हती, गरज होती.

इंजिनला नेमके होते काय?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती 500 अंशांच्या वर तापते आणि फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणून सगळा खेळ दाबाचा. रिंगा झिजल्या, लायनर घासला किंवा व्हॉल्व नीट टेकेना, की दाब निसटतो आणि इंजिन उठत नाही. निळसर धूर आला, तर बहुधा ऑइल जळते आहे. काळा धूर आला, तर डिझेल पूर्ण जळत नाही.

हे काम माणसाच्या केसाहूनही बारीक मापाचे असते. घरी हेड उतरवता येते, काजळी साफ करता येते, व्हॉल्व घासून बसवता येतात, रिंगा आणि गॅस्केट बदलता येतात. पण सिलिंडरला बोअर मारायचा किंवा क्रँक घासायचा, तर लेथ आणि ग्राइंडिंगच्या कारखान्यातच जावे लागते. कुठे थांबायचे हे कळणे, हाही कारागिरीचाच भाग.

पहिला नांगर दोन वर्षे का विकला गेला नाही?

बेळगावच्या वर्कशॉपमधून आधी कडबा कापण्याची यंत्रे निघाली, नंतर लोखंडी नांगर. यंत्र तयार होते, पण गिऱ्हाईक नव्हते. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली.

ही समजूत आज हास्यास्पद वाटेल. मात्र वर्षाच्या पोटापाण्याचा सवाल एका हंगामावर असलेला शेतकरी अनोळखी अवजार सहज स्वीकारत नाही. लक्ष्मणरावांनी नांगर बनवणे सोडले नाही. हळूहळू मागणी वाढली.

अख्खा कारखानाच उचलावा लागला?

जम बसत असतानाच बेळगाव नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा हवी झाली. जायचे कुठे, हा प्रश्न होता. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन आणि 10 हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले.

जमीन म्हणजे निवडुंगाचे रान आणि त्यात नाग. 10 मार्च 1910 रोजी तिथे कारखान्याचा आरंभ झाला. कारखाना हलवायचा म्हणजे प्रत्येक यंत्र खोलायचे, रेल्वेने न्यायचे, नव्या पायावर समपातळीत बसवायचे आणि पट्टे पुन्हा सरळ रेषेत आणायचे. दांडा किंचित तिरका राहिला, तरी पट्टा उतरतो. चाळिशीत लक्ष्मणरावांनी सगळा डाव असा नव्याने मांडला. सोबत कामगार आणि त्यांची कुटुंबेही आली. तेच आज सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी.

पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी निकामी झालेल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले.

नांगरापासून इंजिनापर्यंत

1920 मध्ये किर्लोस्करवाडीतून पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. पुढे ते ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून घराघरांत पोहोचले. 1926 मध्ये लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील एमआयटीमधून मेकॅनिकल इंजिनीअर झाले. वडिलांनी ज्या देशाच्या मासिकांतून यंत्रे समजून घेतली, त्याच देशात मुलगा शिकला. त्याच सुमारास किर्लोस्करवाडीत पंप बनू लागले. 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. दोन अश्वशक्तीचे एक इंजिन विकत घेऊन सुरू झालेला उद्योग आता स्वतः इंजिने बनवू लागला.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीला, 1969 मध्ये, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आज अंगणात इंजिन खोलणाऱ्यासाठी काय?

- खोलण्याआधी धुराचा रंग आणि आवाज यांची नोंद करा.
- प्रत्येक भागावर खूण करा आणि टोप्या, व्हॉल्व मूळ जोडीनेच ठेवा.
- हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळा. घट्टपणा कंपनीच्या पुस्तकाप्रमाणेच ठेवा.
- गॅस्केट जुने वापरू नका. टॅपेटचे अंतर फीलर गेजने तपासा.
- पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी ऑइल भरा, इंजिन हाताने फिरवून पाहा. कुठे अडत असेल, तर सुरू करू नका. पुन्हा खोला.

पुन्हा खोलावे लागले, म्हणून काम वाया जात नाही. रंग दिसेनात तेव्हा, बढती हुकली तेव्हा आणि जागा गेली तेव्हाही लक्ष्मणरावांनी हेच केले होते. हाती उरले ते मोजले आणि नव्याने जोडायला घेतले.