बार्बरा मॅक्लिंटॉक: मक्याच्या दाण्यावरचे ठिपके वाचणाऱ्या शास्त्रज्ञ

जनुके गुणसूत्रावर माळेतल्या मण्यांसारखी एका जागी बसलेली असतात, असे 1940 च्या दशकापर्यंत मानले जाई. हा समज मोडला तो मक्याच्या शेतात. मोडणाऱ्या होत्या अमेरिकेतील बार्बरा मॅक्लिंटॉक.

त्यांचा जन्म 16 जून 1902 रोजी हार्टफर्ड येथे झाला. मुलगी फार शिकली तर लग्न जमणार नाही, ही आईची काळजी. तरीही 1919 मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि 1927 मध्ये वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. मक्याच्या गुणसूत्रांच्या दहाही जोड्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून ओळखण्याची पद्धत त्यांनीच बसवली. 1931 मध्ये हॅरिएट क्रेटन या विद्यार्थिनीसोबत त्यांनी दाखवून दिले, की गुणांची अदलाबदल होते तेव्हा गुणसूत्रांचे तुकडेही प्रत्यक्ष बदलतात. एवढे काम होऊनही कायमची नोकरी मिळेना. मिसुरी विद्यापीठात पुढे वाव नाही असे वाटल्याने 1941 मध्ये त्यांनी ते सोडले आणि न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील संशोधन केंद्रात आल्या. पुढचे सारे आयुष्य तिथेच गेले.

तिथे त्या स्वतः मका पेरत, कणसांना पिशव्या बांधत आणि हाताने परागीभवन करत. कणसाचा प्रत्येक दाणा स्वतंत्र फलनातून तयार होतो, त्यामुळे एका कणसात शेकडो प्रयोगांचे निकाल शेजारी शेजारी मिळतात. 1944 च्या सुमारास काही दाण्यांवर त्यांना विचित्र ठिपके दिसले. दाणा रंगहीन, पण त्यावर जांभळे शिंतोडे.

याचा उलगडा करायला सहा वर्षे गेली. रंग तयार करणाऱ्या जनुकात एक फिरता तुकडा घुसला की रंग बंद पडतो. दाणा वाढत असताना एखाद्या पेशीतून तो तुकडा निघून गेला, तर त्या पेशीपासून पुढे झालेल्या सर्व पेशी पुन्हा जांभळ्या होतात. तुकडा लवकर निघाला तर ठिपका मोठा, उशिरा निघाला तर बारीक. आणखी एक गोष्ट त्यांनी पकडली: हा तुकडा आपला आपण हलत नाही, त्याला हलवणारा दुसरा घटक त्या झाडात असावा लागतो.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. शेजारच्या शेतातील पराग पडून कणसात काही अख्खे दाणे वेगळ्या रंगाचे निघतात, तो प्रकार निराळा. मॅक्लिंटॉक पाहत होत्या ते एकाच दाण्यावरचे शिंतोडे.

1950 मध्ये त्यांनी निबंध छापला, 1951 च्या परिषदेत मांडणी केली. श्रोत्यांना ती पटली नाही, अनेकांना तर कळलीच नाही. वास्तविक त्या तेव्हा अनोळखी नव्हत्या; 1945 मध्ये अमेरिकेच्या आनुवंशिकी संस्थेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या होत्या. तरी 1953 नंतर त्यांनी या विषयावर मोठ्या नियतकालिकांत लिहिणे जवळजवळ थांबवले. काम मात्र थांबवले नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील देशी मक्याच्या जातींचाही त्यांनी दीर्घ अभ्यास केला.

1960 च्या दशकाच्या शेवटी जिवाणूंमध्येही अशीच फिरती जनुके सापडली, आणि जुन्या निबंधांची आठवण झाली. 1983 मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला, तोही कोणाबरोबर वाटून न घेता. तेव्हा त्यांचे वय 81 होते. 2 सप्टेंबर 1992 रोजी त्यांचे निधन झाले.

आज हेच फिरते तुकडे प्रयोगशाळेत जनुक शोधण्याचे साधन आहेत. तुकडा ज्या जनुकात घुसतो ते बंद पडते, झाडात काय बिघडले ते पाहायचे आणि तुकड्याच्या खुणेवरून जनुक हुडकायचे. मक्याच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा 2009 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे 85 टक्के भाग अशा फिरत्या तुकड्यांचा निघाला. आपल्या ओळखीचे उदाहरण द्राक्षाचे आहे. पांढऱ्या द्राक्षांच्या बहुतेक जातींत रंगाच्या जनुकाशेजारी असाच एक तुकडा येऊन बसलेला आहे, म्हणून त्यांच्या सालीत काळा-लाल रंग उतरत नाही.