दोन कान, दोन तारा आणि ॲलन ब्लमलाइन

वाशी तालुक्यातले तेरखेडा हे फटाके तयार करणारे गाव. तिथे काय किंवा आणखी कुठे काय, अंधारात फटाका वाजला की तो डावीकडे वाजला की उजवीकडे, हे आपण मान न वळवताही सांगतो. ही किमया दोन कानांची. आवाज डावीकडून आला तर तो डाव्या कानात आधी पोहोचतो आणि तिथे किंचित मोठाही लागतो. दोन्ही कानांतला वेळेचा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो. तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवतो.

घरातला जुना टेपरेकॉर्डर होम थिएटरच्या रिसीव्हरला जोडताना हातात दोन पिना येतात, एक लाल आणि एक पांढरी. आवाज एकच, मग तारा दोन कशाला? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी कागदावर मांडले, ते इंग्रज अभियंता म्हणजे ॲलन डॉवर ब्लमलाइन.

ब्लमलाइन यांचा जन्म 29 जून 1903 रोजी लंडनमधील हॅम्पस्टेड येथे झाला. वडील मूळचे जर्मनीचे, खाण अभियंता. आई दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या स्कॉटिश मिशनऱ्याची मुलगी. गणितात आणि यंत्रांत रमणारा हा मुलगा वाचनात मात्र फार मागे होता. बाराव्या वर्षापर्यंत त्याला धड वाचता येत नव्हते. तरीही 1923 मध्ये लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजातून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी पहिल्या वर्गात मिळवली.

पहिली नोकरी टेलिफोनच्या कामाची होती. लांब पल्ल्याच्या तारा शेजारीशेजारी टाकल्या की एका तारेतले बोलणे दुसरीत झिरपत असे. ही झिरप कमी करण्याचे उपाय ब्लमलाइन यांनी शोधले. दोन आवाज शेजारून न्यायचे, पण एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, हा धडा त्यांना पुढे उपयोगी पडला.

1929 मध्ये ते कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आले. त्या काळी विजेवर ध्वनिमुद्रण करण्याचे पेटंट अमेरिकी कंपनीकडे होते आणि प्रत्येक तबकडीमागे स्वामित्वधन मोजावे लागे. ब्लमलाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्या रचनेचे ध्वनिमुद्रण यंत्र तयार करून हा खर्च वाचवला. 1931 मध्ये कोलंबिया आणि एचएमव्ही या कंपन्या एकत्र येऊन ईएमआय स्थापन झाली. आपल्याकडे घरोघरी पोहोचलेल्या कुत्र्याच्या चित्राच्या तबकड्या याच परिवारातल्या.

त्याच वर्षीची एक गोष्ट सांगितली जाते. ब्लमलाइन पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या डोरीन यांच्यासोबत सिनेमाला गेले होते. बोलपट नुकतेच सुरू झाले होते. पडद्यावरचा नट एका टोकाला उभा होता आणि त्याचा आवाज भलतीकडून येत होता. हे दुरुस्त करण्याचा मार्ग आपल्याकडे आहे, असे त्यांनी तिथेच डोरीन यांना सांगितले. 14 डिसेंबर 1931 रोजी त्यांनी पेटंटचा अर्ज केला.

त्यांची कल्पना अशी. दोन मायक्रोफोनने आवाज टिपायचा, तो दोन वेगळ्या मार्गांनी न्यायचा आणि दोन स्पीकरमधून ऐकवायचा. ऐकणाऱ्याच्या दोन कानांना मूळ जागेवर मिळाला असता तसा फरक मिळाला की मेंदू आवाजाची जागा आपोआप ठरवतो. अडचण तबकडीची होती. खाच एक आणि आवाज दोन! खाचेच्या दोन्ही उतरत्या भिंती काटकोनात ठेवून एका भिंतीवर डावा आणि दुसरीवर उजवा आवाज कोरायचा, हा मार्ग त्यांनी दाखवला. एकच सुई दोन्ही भिंती वाचते.

1934 मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत थॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाचे असे ध्वनिमुद्रण त्यांनी केले. हेज स्थानकातून जाणाऱ्या आगगाड्यांचा छोटा चित्रपटही तयार केला. गाडी ज्या बाजूला सरकते, त्या बाजूला आवाजही सरकतो. पण कंपनीला त्यात बाजारपेठ दिसली नाही आणि काम बाजूला पडले. ब्लमलाइन दूरचित्रवाणीकडे वळले. 1936 मध्ये बीबीसीने सुरू केलेल्या प्रक्षेपणासाठी स्वीकारलेल्या 405 रेषांच्या पद्धतीत त्यांचा मोठा वाटा होता.

युद्ध सुरू झाल्यावर विमानातून जमिनीचे चित्र दाखवणाऱ्या रडारच्या कामावर त्यांची नेमणूक झाली. 7 जून 1942 रोजी चाचणीसाठी निघालेल्या हॅलिफॅक्स विमानाच्या इंजिनाला आग लागली आणि विमान वेल्श बिकनर गावाजवळ कोसळले. विमानातले अकराही जण मरण पावले. देखभालीच्या वेळी इंजिनातला एक नट नीट आवळला गेला नव्हता, असे चौकशीत निघाले. ब्लमलाइन तेव्हा 38 वर्षांचे होते. त्यांच्या नावावर 128 पेटंट होती. काम गुप्त असल्याने अपघाताची बातमी दाबून ठेवली गेली. स्टिरिओ तबकड्या 1957-58 मध्ये बाजारात आल्या, त्या त्यांनी सांगितलेल्या खाचेच्याच पद्धतीने. ते पाहायला ते नव्हते.

आता आपल्या दोन तारांकडे येऊ. लाल म्हणजे उजवा, पांढरी म्हणजे डावा. टेपरेकॉर्डरच्या ‘लाइन आउट’मधून रिसीव्हरच्या ‘टेप’, ‘सीडी’ किंवा ‘ऑक्स’ या खोबणीत त्या लावाव्यात. ‘फोनो’ची खोबण फक्त तबकडीच्या प्लेअरसाठी असते, तिथे क्षीण संदेश खूप वाढवला जातो, त्यामुळे टेपचा आवाज फाटतो. रेकॉर्डरला फक्त हेडफोनची खोबण असेल तर तीही चालते, मात्र सुरुवातीला आवाज अगदी कमी ठेवावा. रिसीव्हरवरून रेकॉर्ड करायचे असेल तर ‘रेकॉर्ड आउट’मधून तार घ्यावी, स्पीकरच्या टोकांवरून कधीही नाही, तिथली वीज रेकॉर्डरला झेपत नाही. जोडण्या करताना दोन्ही यंत्रे बंद असावीत.

जोडणी झाल्यावर एक सोपी तपासणी करावी. रिसीव्हर ‘स्टिरिओ’वर ठेवून, दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर बसून एखाद्याचे नुसते बोलणे ऐकावे. जुन्या कॅसेटमध्ये दोन्ही बाजूंना बहुधा एकच आवाज असतो, म्हणून तो मधोमध जाणवायला हवा. एका बाजूला कलत असेल तर त्याच जागी पाठ फिरवून बसावे. आता आवाज दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष तारेत, यंत्रात किंवा स्पीकरमध्ये आहे. तो पुन्हा त्याच कानाकडे राहिला तर तार बदलून उपयोग नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी.

एका कानाने कमी ऐकू येणाऱ्याला हे अनेकदा उशिरा कळते, कारण दुसरा कान भागवून नेतो. पण दिशा हरवते आणि रस्त्यावर मागून येणारी गाडी कोणत्या बाजूला आहे हे समजत नाही. फटाक्यासारख्या मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या संवेदनशील पेशी मेल्या तर त्या पुन्हा उगवत नाहीत. एका कानाचे ऐकणे अचानक कमी झाले तर मळ असेल म्हणून आठवडाभर थांबू नये. पहिल्या काही दिवसांत सुरू झालेल्या उपचारांनीच ते परत येण्याची शक्यता जास्त असते.